दप्तर आणि माहितगार

कोणत्याही जुन्या कचेरीत पाऊल टाकले म्हणजे एक गोष्ट थोड्याच वेळात ध्यानात येते. भिंतीशी कपाटे असतात, कपाटांत फायली असतात, टेबलांवर आता संगणकही आलेले असतात. पण अडलेल्या कामाची चौकशी केली असता उत्तर मिळते ते यांपैकी कशातूनही नव्हे. उत्तर मिळते ते असे : "अमक्यांना विचारा, त्यांना ठाऊक असेल." हा अमका बहुधा मोठ्या पदावर नसतो. पंचवीस-तीस वर्षे एकाच शाखेत काढलेला तो एक जुना कारकून असतो. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे, कोणता नियम कोणत्या साली बदलला, आणि बदलला तर कशामुळे बदलला, हे त्याच्या जिभेवर असते. मराठीत अशा माणसाला माहितगार असे नेमके नाव आहे. पुढे वयोमर्यादेच्या नियमानुसार हा माहितगार एके दिवशी निवृत्त होतो. शाल, श्रीफळ आणि दोन गोड भाषणे यांनी त्याची बोळवण होते. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी राहत नाही. नवा मनुष्य तेथे बसतो, कपाटाच्या किल्ल्याही त्याच्या हाती येतात. तरीसुद्धा त्या कचेरीतून काहीतरी निघून गेलेले असते. ते काय असते, आणि ते जाऊ नये म्हणून काय करता येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरमसारख्या निवासी वसाहतीत हा विचार मुळीच परका वाटू नये. ग्वाल्हेर हे तलवारीचे आणि गाण्याचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. पण ते तितकेच लेखणीचे आणि हिशेबाचेही शहर आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी कायम केली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे नगर झाले. छावणी म्हटली की तंबू आणि घोडे डोळ्यांसमोर येतात. पण छावणीबरोबर फडही असे. फौजेचा पगार, मुलखाची वसुली, वकिलांची पत्रे, सावकारांची देणी या सर्वांचे कागद रुमालांत बांधून छावणीमागे फिरत. छावणी स्थिरावली तेव्हा हे कागदही स्थिरावले, आणि ते लिहिणारी मराठी घराणी शहरात रुजली. पुढे संस्थान गेले, २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य झाले, ग्वाल्हेरचा मोतीमहाल सचिवालय बनला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. परंतु हिशेबाचे मोठे काम शहरात राहिले. मध्य प्रदेशच्या महालेखापालांचे कार्यालय आजही ग्वाल्हेरात, झाशी रस्त्यावरील लेखा भवनात आहे. सकाळी डबा घेऊन कचेरीला जाणारा आणि संध्याकाळी परतणारा, किंवा आयुष्यभर असे जाऊन आता निवृत्त झालेला मनुष्य ज्या वस्तीत शेजारी असतो, तेथे दप्तराची गोष्ट ही घरचीच गोष्ट होय.

या शहरात एक आख्यायिका पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. शिंद्यांचा राखीव खजिना किल्ल्यावरील तळघरांत होता आणि त्याला गंगाजळी म्हणत. हा खजिना कोठे आहे व तेथवर कसे पोहोचावे याची खूण, म्हणजे बीजक, केवळ गादीवरील महाराजांनाच ठाऊक असे, आणि त्यांनी ते योग्य वेळी वारसाला सांगावे असा परिपाठ होता. १८८६ साली जयाजीराव शिंदे निवर्तले, त्या वेळी त्यांचे पुत्र माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. सांगतात की बीजक सांगावयाचे राहून गेले. खजिना जागच्या जागी होता, पण तो असून नसल्यासारखा झाला आणि पुढे कित्येक वर्षे त्याचा शोध चालला. आख्यायिकेतील तपशील बाजूला ठेवला तरी तिचे मर्म पक्के आहे. धन चोराने नेले नव्हते, शत्रूने लुटले नव्हते. ते एका माणसाच्या मनात बंद होते, एवढ्यानेच ते हरवले. प्रत्येक कचेरीची अशी एक गंगाजळी असते, आणि तिचे बीजक बहुधा कोणा एकाच्याच डोक्यात असते.

मराठ्यांच्या राज्यकर्त्यांना हा धोका कळला नव्हता असे नाही. त्यांनी त्यावर जो उपाय योजला तो त्यांच्या दप्तरांत दिसतो. शिवछत्रपतींच्या कारकीर्दीत रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. कारभारात रूढ झालेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश आहे. म्हणजे राज्याच्या सर्व खात्यांनी एका वस्तूला एकाच नावाने ओळखावे, हा विचार त्याच्या मुळाशी आहे. आज माहितीची व्यवस्था लावणारे तज्ज्ञ ज्या कामाला पहिले स्थान देतात, ते हेच. नाव एक नसेल तर नोंद सापडत नाही. राजपत्रांवर मजकुराखेरीज निरनिराळ्या अधिकाऱ्यांचे शेरे आणि शिक्के आढळतात. पत्र कोणाच्या हातून गेले, कोणी तपासले, कोठे नोंदले गेले, हे त्यांवरून समजते. म्हणजे पत्र नुसते पाठविले जात नसे. त्याचा प्रवासही पत्रावरच लिहिला जाई.

पेशवाईत पुण्याच्या हुजूर दप्तराने ही शिस्त आणखी वाढविली. दररोजचा जमाखर्च रोजकीर्दीत उतरे. कीर्द तारखेच्या क्रमाने असल्यामुळे तीत एखादी बाब शोधणे अवघड. म्हणून त्याच नोंदी विषयवार लावून खतावणी तयार होई. पुढे खतावण्यांवरून तर्जुमे, म्हणजे गोषवारे, आणि वर्षाअखेरीस ताळेबंद. फडावर चालू काम होई. पण जुन्या हिशेबांचे संकलन करणारे एकबेरीज दप्तर पुण्यातच कायम असे. या रचनेतील शहाणपण ध्यानात घेण्याजोगे आहे. कीर्द ही जे घडले त्याची नोंद. खतावणी ही ते पुन्हा सापडावे म्हणून केलेली सोय. तर्जुमा हा त्यातून निघालेला अर्थ. तिन्ही वेगळी कामे आहेत, आणि तिन्ही झाल्यावाचून दप्तर पुरे होत नाही. नुसत्या कीर्दींचा ढीग म्हणजे दप्तर नव्हे.

नाना फडणीसांच्या हाती कारभार होता तोवर हे दप्तर काटेकोर राहिले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची आबाळ झाली. कारकून पांगले, नोंदी मागे पडल्या, कागदांची वासलात ज्याला जशी लावावी वाटली तशी त्याने लावली. इमारत तीच, रुमाल तेच; परंतु लावून ठेवणारा हात गेला तसे दप्तर आंधळे झाले. पुढे इंग्रजी अमलात हे कागद पुण्यात एकत्र जतन झाले खरे, तरी इतिहासाला ते बोलते झाले ते गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले तेव्हा. रियासतकारांनी नवा कागद एकही लिहिला नाही. असलेला कागद सापडेल असा करून दिला. त्या एका कामावर पुढच्या अभ्यासकांच्या पिढ्या पोसल्या गेल्या.

तथापि जुन्या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. ज्ञान टिकविण्याचा तिचा खरा आधार कागद नव्हता, वंश होता. फडणीस, चिटणीस, पोतनीस, देशपांडे, कुलकर्णी ही मूळची कामांची नावे. पुढे ती आडनावे झाली. बापाजवळ बसून मुलगा मोडी वळण गिरवी, बेरजा घाली, कोणत्या गावचा कोणता तंटा कोठवर आला आहे हे कानांनी ऐके, आणि बापाच्या मागे तेच काम चालवी. माहितगार मरत असे, पण माहिती घरात राहत असे. एका परीने ही व्यवस्था फार पक्की होती. शिंद्यांचे कोट्याचे वकील गुळगुळे यांच्या घराण्यात शेकडो पत्रे जपली गेली, आणि आनंदराव भाऊ फाळके यांनी ती 'शिंदेशाही इतिहासाची साधने' या नावाने ग्वाल्हेरातून प्रसिद्ध केली, ती या घरगुती जपणुकीमुळेच.

पण घराने जपलेले घराचेच होऊन बसते, हीही या नाण्याची दुसरी बाजू. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या वाड्यात, तर रयतेचा हक्कही त्याच वाड्यात. आपल्या जमिनीची नोंद काय आहे हे शेतकऱ्याला दुसऱ्याच्या ओसरीवर हात जोडून विचारावे लागे. चांगला कुलकर्णी असला तर न्याय, नसला तर नशीब. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने रद्द झाली आणि दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले, ते योग्यच झाले. मात्र त्याबरोबर एक नवा प्रश्न उत्पन्न झाला, आणि तो सर्व आधुनिक कचेऱ्यांचा प्रश्न आहे. वंश गेला, त्याच्या जागी बदली, बढती आणि निवृत्ती आली. बापाकडून मुलाकडे जे न सांगता जात होते, ते आता अनोळखी माणसाकडून अनोळखी माणसाकडे जावयाचे आहे, आणि तेही कित्येकदा एका दुपारच्या कार्यभार-हस्तांतरात. जुन्या व्यवस्थेतील अन्याय टाकून दिला गेला. पण तीत शिकविण्याचे जे काम सहज होत होते, त्याची भरपाई करावी लागेल हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

मोडी लिपीची कथा या भरपाईच्या अभावाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. शतकानुशतके मराठी माणसाचा सारा व्यवहार मोडीत झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून नाहीशी झाली. कागद जाळले नाहीत, पुरले नाहीत. घरोघरीच्या पेट्यांत, कचेऱ्यांच्या रुमालांत ते जसेच्या तसे राहिले. फक्त ते वाचणारे डोळे कमी होत गेले. आज महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याला मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालवावे लागतात, आणि जमिनीच्या किंवा वारसाच्या कामासाठी आजोबांचा कागद घेऊन लोक वाचणाऱ्याच्या शोधात फिरतात. कागद टिकला म्हणजे ज्ञान टिकले, ही समजूत किती भोळी आहे हे यावरून दिसते. कागद हा ज्ञानाचा अर्धा भाग. दुसरा अर्धा तो वाचणाऱ्या माणसात असतो.

ग्वाल्हेरच्या इतिहासात हा दुसरा अर्धा भाग कागदावर आणण्याचा एक ठळक प्रयत्न झाला आहे. देवरुखकडचे दिनकरराव राजवाडे हे १८५० नंतरच्या दशकात संस्थानचे दिवाण होते. त्यांच्या घराण्याने पूर्वीपासून शिंद्यांची चाकरी केलेली. ते स्वतः पंधराव्या वर्षी नोकरीस लागले आणि खालपासून वर चढले. कारभाराची विस्कटलेली घडी त्यांनी बसविली ती केवळ स्वतःच्या हुशारीवर नव्हे. वसूल, पोलीस आणि न्याय यांच्या कामाला त्यांनी लेखी नियमांची बैठक दिली. अधिकाऱ्याच्या मर्जीत असलेली रीत नियमात आली म्हणजे ती त्याच्या बदलीबरोबर जात नाही. दिनकरराव १८५९ साली दिवाणगिरीवरून गेले. परंतु कामाची रीत लेखी असावी हा पायंडा मागे राहिला.

नियम लेखी असले तरी सारे काही नियमांत मावत नाही, याचा अनुभव १९५६ साली आला असला पाहिजे. नवे मध्य प्रदेश राज्य हे मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्य प्रदेशाचा महाकोशल भाग यांच्या एकीकरणातून निर्माण झाले. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. प्रत्येक घटकाचे नियम वेगळे, नमुने वेगळे, पदांची नावे वेगळी, सेवाज्येष्ठतेचे आधार वेगळे. पेटारे भरून कागद एका शहरातून दुसऱ्या शहरात नेणे सोपे असते. एका घटकातील कारकुनाने "नेहमीप्रमाणे" असा शेरा मारलेला असेल, तर त्या "नेहमीप्रमाणे"चा अर्थ पेटाऱ्यात सापडत नाही. तो ज्याला माहीत होता तो कारकून मागे राहिलेला असतो. कचेरीतील निम्मे घोटाळे या "नेहमीप्रमाणे", "पूर्ववत्", "चर्चेनुसार" अशा शब्दांच्या पोटात दडलेले असतात. चर्चा कोणती, कोणाशी, आणि तीत काय ठरले, हे लिहिलेले नसते; कारण लिहिणाऱ्याला ते माहीत असते, आणि आपल्याला जे माहीत आहे ते सर्वांनाच माहीत असेल असे प्रत्येकाला वाटते.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कागद सापडायला चार दिवस लागले तर बिघडले काय? बिघडते ते कचेरीत नव्हे, कचेरीबाहेर. भविष्य निर्वाह निधीचे साधे उदाहरण घ्यावे. राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या या निधीची खाती ठेवण्याचे काम महालेखापालांकडे चालते. कर्मचाऱ्याच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते. नाव, खातेक्रमांक आणि रक्कम दाखविणारी यादी पगारबिलाबरोबर कोषागारात जाते, तेथून ती हिशेबाकडे येते आणि खात्यावर जमा पडते. यादीत एक आकडा चुकला, किंवा बदलीनंतर विभागाची जुनी अक्षरे तशीच राहिली, तर पैसे सरकारात येतात पण माणसाच्या खात्यावर जात नाहीत. महालेखा कार्यालयांच्या भाषेत अशा रकमेला हरवलेली जमा म्हणता येईल. वीस वर्षे कोणाला पत्ता लागत नाही. मग एके दिवशी शिक्षक निवृत्त होतो किंवा हवालदाराची पत्नी विधवा होते, आणि हिशेबात दहा महिन्यांची वर्गणी दिसत नाही. त्या वर्षीची यादी, त्या वर्षीच्या वहीचे पान, त्या वेळी ते कार्यालय कोणत्या कोषागाराशी जोडलेले होते ही आठवण, या तिन्हींपैकी एक जरी सापडले तरी एका कुटुंबाचे काम होते. एकही न सापडले तर ते कुटुंब उंबरे झिजवीत राहते. संगणकामुळे अशा चुका आता लवकर उघडकीस येतात, हे मान्य केले पाहिजे. पण जुन्या चुकीचा उलगडा संगणक करीत नाही. तो जुना कागद आणि जुना माहितगार यांनाच करावा लागतो.

म्हणूनच माहितगाराच्या डोक्यात जे असते ते दोन प्रकारचे असते, हे ओळखणे अवश्य आहे. काही गोष्टी लिहून ठेवता येतात : नियम कधी बदलला, कागद कोठे आहे, निर्णयाचे कारण काय. ज्या लिहिता येतात पण आळसाने किंवा घाईने लिहिल्या जात नाहीत, त्यांच्याबद्दल कोणाला सबब सांगता येणार नाही. पण काही गोष्टी अशा असतात की त्या जाणणाऱ्यालाही शब्दांत मांडता येत नाहीत. हिशेबाच्या तक्त्यावर नजर टाकताच कसलेल्या लेखापालाला कोठेतरी खटकते. काय खटकले हे तो मागाहून शोधतो. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या अबोल ज्ञानाचा ऊहापोह केला. जपानच्या नोनाका आणि ताकेउची यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले की कारखान्यांची भरभराट होते ती हे अबोल ज्ञान बोलके करून सर्वांचे करण्याने, आणि ते बोलके होण्याचा पहिला मार्ग म्हणजे जाणत्याजवळ बसून काम करणे.

ग्वाल्हेरकराला हे समजावयास जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. त्याच्या शहरातील गाणे हेच सांगत आले आहे. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंना बडे महंमद खाँ यांची तानबाजी शिकावयास मिळेना, म्हणून त्यांना पडद्याआड बसवून ती ऐकविली गेली, अशी कथा प्रसिद्ध आहे. विद्या लपविण्याची वृत्ती किती जुनी आणि किती निष्फळ, हे त्या कथेत आहे. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून घेतली आणि महाराष्ट्रात आणून मुक्त हस्ताने वाटली. त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. इकडे पंडित भातखंडे यांनी चिजा स्वरलिपीत उतरविल्या, आणि त्यांच्या पद्धतीवर १९१८ साली ग्वाल्हेरात माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. स्वरलिपी नसती तर कित्येक चिजा गवयांबरोबर गेल्या असत्या. आणि तालीम नसती तर त्याच चिजा कागदावर निर्जीव पडून राहिल्या असत्या. पोथी आणि गुरू यांपैकी एकावर भागत नाही. कचेरीचेही तसेच आहे.

यावरून कार्यालयांनी करावयाच्या गोष्टी सहज सुचतात, आणि त्यांना पैसा फारसा लागत नाही. पहिली गोष्ट, निर्णयाबरोबर निर्णयाचे कारण दोन ओळींत लिहावे. "काय ठरले" हे फाईल सांगते, "का ठरले" हे तिने सांगितले पाहिजे. दुसरी, नोंदीपेक्षा अनुक्रमणिकेकडे अधिक लक्ष द्यावे. हजारो कागदांची छायाचित्रे संगणकात भरून त्यांना नावे धड न देणे म्हणजे कीर्दींचा ढीग रचून खतावणी न लिहिणे होय. तिसरी, जाणारा आणि येणारा यांचे काही दिवस एकत्र जावेत. एका दुपारी किल्ल्या देता येतात, काम देता येत नाही. निवृत्तीला वर्ष उरले असता त्या माहितगाराच्या हाताखाली एक तरुण बसवावा, आणि रोज एक अडलेले प्रकरण दोघांनी मिळून सोडवावे. चौथी, जे ठेवण्यासारखे नाही ते नियमाप्रमाणे वेळेवर काढून टाकावे. सारेच जपणाऱ्याला काहीच सापडत नाही. मात्र काय काढावे हे एकट्याच्या लहरीवर नसावे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने केंद्र सरकारच्या कार्यालयांतील अभिलेखांचा मनमानी नाश हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरविला आहे, तो याचसाठी.

शिवाय आता ही केवळ कचेरीच्या सोयीची बाब राहिलेली नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने प्रत्येक सार्वजनिक कार्यालयावर आपले अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमणिकेसह ठेवण्याचे बंधन घातले आहे. नागरिकाने मागावे आणि कचेरीने शोधू लागावे, अशी त्यात कल्पना नाही. मागण्यापूर्वीच ते लावलेले असावे अशी आहे. ज्या ओसरीवर पूर्वी शेतकरी हात जोडून उभा राहत असे, ती ओसरी कायद्याने मोडली. पण अनुक्रमणिका नसलेले दप्तर ही तीच ओसरी नव्या वेषात पुन्हा उभी करते. "सापडत नाही" हे उत्तर "देत नाही" या उत्तराहून सभ्य वाटते. अर्जदाराच्या हाती मात्र दोन्हींमुळे सारखीच रिकामी झोळी येते.

राहता राहिला माहितगार स्वतः. तो आपली विद्या पुष्कळदा राखून ठेवतो, हे खरे आहे. पण त्याला एकट्याला दोष देणे न्यायाचे नाही. वर्षानुवर्षे बढती न मिळालेल्या माणसाजवळ मानाचे एकच साधन उरलेले असते : त्याच्यावाचून अडते, हे. ते साधन तो फुकट कसे देईल? ज्या कचेरीत प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याचा गौरव होतो आणि शिकविणाऱ्याची नोंद होत नाही, तेथे प्रत्येक जण आपले बीजक आपल्याजवळच ठेवील. म्हणून मान देण्याची रीत बदलली पाहिजे. ज्याच्यावाचून कचेरी अडते तो मोठा, ही समजूत सोडून ज्याच्यानंतर कचेरी अडत नाही तो मोठा, असे मानले पाहिजे. नव्या माणसाला तयार करणाऱ्या जुन्या कारकुनाच्या सेवापुस्तिकेत तसा शेरा पडू लागला, तर पुष्कळ कुलुपे आपोआप उघडतील.

मराठीत "दप्तरी दाखल करणे" असा एक शब्दप्रयोग आहे. त्याचा मूळ अर्थ नोंद करून जपून ठेवणे असा. पण लोकांच्या तोंडी तो आज विसरून जाण्यासाठी बाजूला सारणे या अर्थाने येतो. शब्दांच्या अर्थात असा पालट उगाच होत नाही. दप्तरात गेलेले परत येत नाही, हा लोकांचा अनुभव त्यात साठलेला आहे. तो अनुभव बदलणे हे दप्तर राखणाऱ्यांच्या हाती आहे. ज्या दिवशी एखाद्या विधवेचा अर्ज "दप्तरी दाखल" झाला असता, आता तो हरवणार नाही, असे तिला खात्रीने वाटेल, त्या दिवशी या शब्दाला त्याचा मूळचा अर्थ परत मिळेल.